दारावरचा खिळा

आमच्या कारखान्यात खोल्या तयार होतात. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर उच्चारतो तेव्हा त्यांना वाटते, मी काही गंमत करतो आहे. परंतु ते अक्षरशः खरे आहे. सिन्नरच्या रस्त्याला आमची एक लांबलचक शेड आहे. तिच्या एका टोकाला लोखंडी चौकटी जोडल्या जातात आणि दुसऱ्या टोकाने भिंती, छत, फरशी, दिवे, बेसिन, दार अशी सगळी सिद्धता झालेली खोली बाहेर पडते. तिला ट्रेलरवर चढवायचे, रुग्णालय जिथे उभे राहायचे तिथे न्यायचे, क्रेनने उचलून आधीच बांधलेल्या पायावर ठेवायचे आणि शेजारच्या खोलीशी तिच्या नळ्या व तारा जोडून द्यायच्या. डोंगरातल्या ज्या गावी वाळूचा ट्रक पोहोचणेही पावसाळ्यात कठीण, तिथे अशा रीतीने काही महिन्यांत एक नवा विभाग उभा राहतो.

माझे काम तपासणीचे. खोली शेडबाहेर जाण्यापूर्वी तिच्यात काही राहून गेले आहे का, हे मी पाहतो. ती जागेवर बसल्यावर पुन्हा पाहतो. आणि मग सही करतो. हे काम मला माझ्या हुशारीमुळे मिळाले असे मी मानत नाही. ते माझ्या भित्रेपणामुळे मिळाले असावे. तरुणपणी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एका कंत्राटदाराकडे वाफेच्या नळ्यांच्या तपासणीवर होतो. तिथल्या जुन्या माणसांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की फार तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. गळती शोधायला जाताना केरसुणी पुढे धरून चालायचे, तिच्या काड्या तुटल्या की गळती तिथेच; हात पुढे करायचा नाही. तेव्हापासून जे दिसत नाही त्याचीच मला धास्ती वाटत आली. घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर गॅस बंद केला का हे पाहण्यासाठी मी परत वर जातो. पत्नी खाली उभी राहून म्हणते, "अहो, तुमच्याबरोबर कुठे जायचं म्हणजे दोनदा निघावं लागतं." शेडमध्येही माझी थट्टा चालते. एखाद्याच्या हातून पाना पडला तर दुसरा म्हणतो, "हळू रे, साहेब दचकतील." मी हसतो. दचकलेलाही असतो.

दोन वर्षांपूर्वी पेठच्या बाजूला एका धर्मादाय रुग्णालयासाठी आम्ही प्रसूती विभागाच्या खोल्या करायला घेतल्या. तिथला जुना विभाग मी पाहिला होता. कौलांखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली बादल्या, आणि बादल्यांच्या मधून वाट काढत खाटा. प्राणवायूसाठी एक सिलिंडर, त्याच्या तोंडावरचे घड्याळ, म्हणजे रेग्युलेटर, कधी चालायचे, कधी अडायचे. रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "मला शोभेचं काही नको. कोरडी जागा द्या आणि भिंतीतून येणारा ऑक्सिजन द्या."

भिंतीतून येणारा प्राणवायू आम्ही दिला होता. आता तो भिंतीतून कसा जात होता ते सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. ट्रेलरवर चढवलेली खोली रस्त्यावरच्या विजेच्या तारांखालून जावी लागते, म्हणून आमच्या खोल्यांचे छत ठेंगणे असते. छताच्या वर नळ्या न्यायला जागा उरत नाही. त्यामुळे त्या कामात बाहेरच्या टाकीतून प्राणवायू आणणारी तांब्याची नळी दाराच्या चौकटीच्या लगेच वरून, भिंतीच्या आतून, आडवी नेलेली होती. आणि भिंत म्हणजे तरी काय! पुढे एक पातळ तक्ता, मागे एक पातळ तक्ता, मध्ये पोकळी. पोकळीत नळी, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर दिव्यांच्या तारा. रंग दिल्यावर ही भिंत विटांच्या भिंतीसारखीच दिसते. ती तशी दिसावी, यासाठी आम्ही बरीच मेहनत घेतो.

खोल्या घाट चढून गेल्या तो दिवस मी ट्रेलरच्या मागे जीपमध्ये बसून काढला. वळणावर पुढचा भाग दिसेनासा व्हायचा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक अख्खी खोली दरीच्या बाजूला कलल्यासारखी वाटायची. जीपचा चालक मला म्हणाला, "साहेब, डोळे मिटून घ्या, मी उघडे ठेवलेत." मी मिटले नाहीत. परंतु खोल्या सुखरूप पोहोचल्या, पायावर नीट बसल्या, नळ्या जोडल्या गेल्या. सगळ्या नळ्यांत हवा भरून दाब ठेवला. मापकाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मी सही केली. त्यानंतर कोणतीही भीती बाळगण्याचे कारण उरले नव्हते, आणि हीच गोष्ट मला आज सर्वांत भयंकर वाटते.

विभाग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, भर पावसाळ्यात, मी शेवटची फेरी मारायला पेठला गेलो. सकाळची वेळ होती. नव्या विभागात फिनेलचा वास होता, खाटांवर कोऱ्या चादरी होत्या. तिथल्या मुख्य परिचारिका, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, एका स्टुलावर चढून विभागाच्या मोठ्या दाराशी काही करत होत्या. त्यांच्या खांद्यावर आंब्याच्या पानांची माळ होती.

"या साहेब," त्या वळून न पाहताच म्हणाल्या. "एक मात्र फार बरं केलंत. आम्हाला खिळा ठोकत बसायला नको. तुम्ही आधीच ठोकून दिलात."

"कुठला खिळा?"

"हा काय. सगळ्या दारांवर आहे. पांढरा रंग फासलाय म्हणून दिसत नाही चटकन." त्यांनी बोटांनी चाचपून तो पकडला. "पण हा जरा हलतोय मेला. काढून नीट बसवते."

"सिस्टर, हात काढा!"

मी जन्मात इतक्या मोठ्याने बोललो नसेन. कॉरिडॉरच्या टोकाला फरशी पुसणारी बाई उभी राहिली.

"अहो, झालं काय? करंट येतोय का?"

"नाही. खाली उतरा. सावकाश उतरा. खिळ्याला धक्का लावू नका."

त्या उतरल्या. मी दाराकडे पाहत राहिलो. आता तो मला दिसत होता: चौकटीच्या बरोबर मध्यावर, चौकटीपासून चार बोटे वर, पांढऱ्या रंगाखाली एक बारीक उंचवटा. या दाराखालून मी अनेकदा गेलो होतो. माझी नजर नेहमी खाली, जोडांवर, नळांवर, फरशीवर असायची.

खिळा कुठून आला हे कळायला मला क्षणही लागला नाही. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला या खोल्या शेडमध्ये शेवटच्या टप्प्यावर होत्या. दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, वेल्डिंगच्या यंत्राला, क्रेनला, कापायच्या करवतीला झेंडूचे हार चढतात. त्या वर्षी शेडमधल्या मुलांच्या मनात आले की या तर बाळंतिणींच्या खोल्या, यांच्या दारांना तोरण हवेच. कोणीतरी हातोडी आणली. ते ठोकणे मी ऐकले होते. पेढा हातात घेऊन मी तिथेच उभा होतो, हात जोडले होते, आणि वर्षभर प्रत्येक आवाजाला दचकणाऱ्या मला त्या आवाजाचे फक्त बरे वाटले होते. घराच्या दारावर खिळा ठोकताना कोण घाबरतो? आपल्या आजवरच्या सगळ्या दारांवर वीट होती.

मी आमच्या शेडच्या मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, दसऱ्याला पेठच्या खोल्यांना तोरणं लावली होती, ती कशावर?"

"कशावर म्हणजे? खिळ्यावर. तोरण काय चुंबकाने लावायचं, साहेब?"

"खिळा केवढा होता?"

"जो हाताला लागला तो. दोन-अडीच इंची असेल." मग त्याचा आवाज बदलला. "साहेब… वरून नळी जाते ना तिथून?"

"जाते."

"पण दाब तर पास झाला."

"झाला."

तो म्हणाला, "मी फिटरला पाठवतो," आणि फोन ठेवला.

दाब पास झाला होता, तरी धोका कसा, ही गोष्ट मला पुढे दिवसभर प्रत्येकाला समजावून सांगावी लागली. पहिल्यांदा ती डॉक्टरांना सांगितली. त्या त्यांच्या खोलीत उभ्याउभ्याच चहा पीत होत्या.

"पायात काटा रुततो," मी म्हणालो, "तो आत असतो तोवर रक्त येत नाही. खिळा नळीत घुसला असेल तर तोच बूच होऊन बसला असेल. म्हणून दाब धरला असेल. तो गंजला, हलला, किंवा कोणी ओढला, की प्राणवायू भिंतीच्या पोकळीत भरत राहील. तिथे विजेच्या तारा आहेत, एका ठिणगीवर भिंत पेटेल. बाहेरून कोणाला काही दिसणार नाही, वासही येणार नाही."

"घुसला असेल. नसेलही."

"नसेलही."

"तुमची सही आहे त्याच्यावर."

"आहे. तरीही आज तो विभाग वापरू नका, अशी माझी विनंती आहे. मी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "सकाळी एक बाई आलीय. पहिलटकरीण. पाड्यावरून झोळीत घालून आणलीय तिला. कळा सुरू आहेत, दिवस भरलेले नाहीत, बाळ लहान आहे. मी तिला दुपारीच नव्या विभागात घेणार होते, उद्याची वाटही न बघता. त्या बाळाला ऑक्सिजन लागणार, हे मी आत्ताच सांगते. आणि जुन्या खोलीत सिलिंडर कसा आहे, तुम्ही पाहिलाय."

मी पाहिला होता.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "हो की नाही."

माझा स्वभाव असा की कोणी हो की नाही विचारले तर मी काहीतरी मधले शोधतो. त्या दिवशी मधले काही नव्हते. नव्या खोलीत भीती भिंतीच्या आत होती आणि जुन्या खोलीत ती उघड्यावर, सिलिंडरच्या अडणाऱ्या घड्याळात होती. आणि एका न जन्मलेल्या मुलाला त्यांपैकी एकीत न्यायचे होते. मी म्हणालो, "नाही." माझा आवाज मलाच अस्पष्ट ऐकू आला. त्यांना तो ऐकू आला असावा. त्या तशाच जुन्या विभागाकडे गेल्या.

फिटर नाशिकहून निघाला होता, परंतु घाटात एक झाड पडले होते आणि गाड्या एकेक करून सोडत होते. तो पोहोचेपर्यंत मी नळ्यांतला प्राणवायू बाहेर मोकळ्यावर सोडून दिला आणि विभागाची वीज बंद केली. मग करण्यासारखे काही उरले नाही. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. एका बाजूला नवा, पांढरा, अंधारा विभाग. दुसऱ्या बाजूला जुन्या खोलीचे लाकडी दार. त्या दारामागून त्या पहिलटकरीण मुलीचा आवाज यायचा. प्रत्येक कळेसरशी तो वाढायचा आणि मग एकदम थांबायचा. थांबला की बादलीत पडणारे पाणी ऐकू यायचे.

दाराबाहेर तिची सासू बसली होती. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पाय पोटाशी. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तुमीच का ते, खिळावाले?"

सिस्टरनी तिला सांगितले असणार. मी मान हलवली.

"नवी खोली बांधली तुमी, नि बंदबी तुमीच केली."

"हो."

"खिळा कुणी ठोकला?"

"आमच्याच माणसांनी. तोरण लावायला."

"तोरण!" ती म्हणाली. "माझी सून गळक्या खोलीत निजलीय, नि तुमी तोरण लावलंय." ती तोंड फिरवून बसली. मग पुन्हा वळली. "खाल्लं का काय सकाळपासून? का तसंच उभं हाय खांबावानी?"

मी खाल्ले नव्हते, परंतु खाल्ले म्हणून सांगितले.

त्या उभे राहण्यात माझ्या मनात काय काय आले, ते लिहिताना मला संकोच वाटतो. मी त्या मुलीसाठी प्रार्थना केली, हे खरे. परंतु त्याच वेळी मला असेही वाटत होते की भिंत उघडल्यावर खिळा नळीत घुसलेला सापडावा. तो सापडला नाही, आणि इकडे बाळाला काही झाले, तर मी कोणत्या तोंडाने या बाईसमोर उभा राहणार? म्हणजे मी माझ्याच कामात दोष निघावा अशी इच्छा करत होतो, आणि ती त्या बाळासाठी नव्हती, स्वतःसाठी होती. भीती माणसाला सावध करते, असे मी आयुष्यभर स्वतःला सांगत आलो. ती माणसाला लहानही करते, हे मला त्या कॉरिडॉरमध्ये समजले.

फिटर आला तो भिजून. उंच, गप्पिष्ट गृहस्थ. माझ्याबरोबर बरीच कामे केलेला. "काय साहेब, शेवटी तुम्हाला भूत भेटलं म्हणायचं," असे म्हणत त्याने पिशवी उघडली. मी त्याला यंत्र लावू दिले नाही. ठिणगी नको होती. हातकरवतीने खिळ्याभोवती तक्त्याचा चौकोन कापायचा आणि तो खिळ्यासकट अलगद पुढे घ्यायचा, असे ठरले. मी विजेरी धरली.

पहिले दार मोठे, जिथला खिळा सिस्टरच्या हाताला हलला होता ते. करवत हळूहळू फिरली, पांढरी भुकटी आमच्या केसांवर पडत होती. चौकोन सुटला. खिळा पोकळीत नुसता लोंबकळत होता. नळी त्याच्या वर, चांगली दोन बोटे लांब, चकचकीत, निर्दोष.

"एक झालं," फिटर म्हणाला.

दुसरे दार तपासणीच्या खोलीचे. तिथेही खिळा नळीच्या खाली राहिला होता.

"दोन झाली. साहेब, तिसऱ्यावर चहा लावू या का? मी म्हणतो काही नाही."

तेवढ्यात जुन्या खोलीतून येणारा आवाज बंद झाला. आधीही तो थांबायचा, परंतु पुन्हा यायचा. या वेळी आला नाही. फिटरनेही करवत थांबवली. सासू उठून उभी राहिली होती, तिने दाराला तळवा लावला होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, कापल्यासारखा, "सिलिंडर, सिलिंडर उघडा," आणि मग लोखंडावर हात आपटल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा. घड्याळ अडले होते.

मी हातातली विजेरी विझवली. का, ते मला माहीत नाही. त्या अंधारात मला एवढेच वाटत होते की माझ्या तोंडून सकाळी निघालेला एक शब्द त्या खोलीत जाऊन कोणाच्या तरी छातीवर बसला आहे. नवीन विभागात दाराच्या पलीकडे भिंतीतून येणारा प्राणवायू असता. दोन दारांवरची भिंत उघडली होती आणि दोन्हीकडे नळी निर्दोष निघाली होती.

मग आतून एक बारीक आवाज आला. रडणे म्हणावे असा तो नव्हता. मांजराच्या पिलाने काढावा तसा. थांबला, पुन्हा आला, आणि मग चिडल्यासारखा सलग येऊ लागला. सासूने दारावरचा तळवा काढून कपाळाला लावला.

"चला," फिटर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तिसरं बघू."

तिसरे दार नवजात बाळांच्या खोलीचे. इथला खिळा घट्ट होता, मुळीच हलत नव्हता. चौकोन कापून झाला तरी तो पुढे येईना. फिटरने थोडा जोर केला, तेव्हा धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी विजेरी आत घातली. खिळा नळीत घुसला नव्हता. तो नळीवर आपटून, तिच्या पोटाला घासत, वाकडा होऊन खाली उतरला होता आणि नळी व चौकटीच्या मध्ये अडकला होता. त्याने तांब्यावर एक चरा पाडला होता, नखाएवढा लांब. ट्रेलर घाट चढताना तो तिथेच होता. त्या सगळ्या धक्क्यांत तो त्याच जागी घासत राहिला असेल.

फिटरने बोट फिरवले. "साहेब, घासलंय फक्त. भोक नाही. दाब तर धरलाच होता. तक्ता परत बसवू, रंगाचा हात मारू, संध्याकाळपर्यंत चालू."

"चरा किती खोल आहे?"

"ते कोण सांगणार? मी म्हणतो काही होणार नाही."

डॉक्टर बाहेर आल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हातात अजून मोजे होते. "मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "छोटी आहे, पण आहे. सिलिंडर तिसऱ्या फटक्याला चालला. तो मध्येच पुन्हा अडला तर मी काय करू, मला ठाऊक नाही. भिंतीत काय निघालं?"

"छिद्र नाही. चरा आहे."

"म्हणजे आज सुरू करता येईल?"

"करता येईल, असे कोणी म्हणू शकेल."

"मी तुम्हाला विचारते आहे."

फिटर पिशवीत काहीतरी शोधण्याचे निमित्त करून खाली वाकला. मी त्या चऱ्याकडे पाहिले. तो इतका लहान होता की त्याच्यासाठी एका तान्ह्या मुलीला आणखी एक दिवस त्या गळक्या खोलीत ठेवायचे, हे मला उच्चारवेना. आणि तो इतका नेमका त्याच खोलीच्या दारावर होता, जिथे ती मुलगी निजणार होती, की दुसरे काही उच्चारणेही जमेना. शेवटी मी म्हणालो, "तेवढा तुकडा बदलावा लागेल. उद्या दुपारपर्यंत."

हा निर्णय सावधपणाचा होता, की सकाळच्या माझ्या नकाराला काहीतरी पुरावा मिळाला म्हणून मी त्याला धरून बसलो, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे. प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही असावे, आणि किती कोणते, ते मला वेगळे करता येत नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मग तुम्ही आज घरी जाऊ नका."

मी गेलो नाही. माझ्याकडून काय उपयोग होणार होता, ते त्यांनी मला लगेच दाखवले. सिलिंडरच्या घड्याळाचा काटा खाली आला की सिस्टरना हाक मारायची, एवढे काम. मी स्टुलावर बसून तो काटा पाहत राहिलो. त्याच्या पलीकडे ती मुलगी आईच्या उघड्या छातीवर, साडीच्या घडीत, निजलेली होती. तिची पाठ माझ्या तळहाताएवढी. आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती फार थकली होती आणि फार तरुण होती. काटा दोनदा खाली आला. दोन्ही वेळा सिस्टरनी येऊन घड्याळावर हात मारला, आणि दुसऱ्या वेळी मला म्हणाल्या, "साहेब, तुमचं तोंड बघून मलाच भीती वाटायला लागलीय. जरा पाणी प्या."

दुसऱ्या दिवशी फिटरने चरा पडलेला तुकडा कापून नवा घातला, जोड दिले, नळी आतून धुतली. पुन्हा दाब ठेवला. सगळ्या दारांवरचे तक्ते बदलले. काटा हलला नाही. मी तिथेच बसून सही केली.

मायलेकींना नव्या विभागात आणले तेव्हा बाहेर पाऊस चालूच होता, परंतु आत त्याचा आवाज फारसा येत नव्हता. ती शांतताच सासूला पटली नसावी. ती खाटेपाशी टेकली नाही. तिने बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून पाहिली.

"ही भिंत हाय का खोकं?"

"आतून पोकळ आहे," मी म्हणालो. "पण मजबूत आहे."

"काल तुमी इथं कुणाला येऊ देत नव्हता. आज येऊ देता. काय फरक पडला?"

मी तिला सांगितले. नळी, चरा, नवा तुकडा, दाब. माझे संपल्यावर तिने विचारले, "म्हंजे आता तुमाला भीती नाय?"

सिस्टर बाळाच्या नाकाशी नळी लावत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काय उत्तर द्यावे ते त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेले होते. नाही म्हणा, एवढेच. एका शब्दाचे काम होते, आणि तो शब्द कदाचित दयाळूपणाचा ठरला असता.

"आहे," मी म्हणालो. "जेवढे तपासता आले तेवढे तपासले. तरी आहे."

सिस्टरनी हताशपणे मान हलवली. सासू मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, बाजारात दाणे हातात घेऊन पाहावेत तसे. मग तिने खाटेखालचे स्टूल पायाने माझ्याकडे सरकवले.

"मंग बसा इथं. तुमाला लय भ्या वाटलं तर आमाला सांगा. आमी उठून जाऊ."

मी बसलो. भिंतीतून प्राणवायू एका काचेच्या बाटलीत येत होता आणि तिथल्या पाण्यात बारीक बुडबुडे उठत होते. काही वेळाने सासू जमिनीवर आडवी झाली. तिने पदर तोंडावर ओढला आणि पाहता पाहता तिचा श्वास जड झाला. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच झोपत असावी. आईचेही डोळे मिटले होते. जीपचा चालक दारात येऊन खुणेने विचारून गेला, निघायचे का. घाटात पुन्हा गाड्या अडवण्याआधी निघायला हवे होते. मी त्याला हातानेच थांबायला सांगितले आणि बुडबुड्यांकडे पाहत राहिलो.